सेप्सिसचा रक्तचाचणी संच: अंदाज वर्तवण्यासाठी कितपत भरवशाचा?

सेप्सिसचा, म्हणजे संसर्गामुळे अवयव बिघडू लागल्याचा, संशय आला की अतिदक्षता विभागातून प्रयोगशाळेकडे आता सुट्या चाचण्यांची मागणी क्वचितच जाते. ‘सेप्सिस पॅनेल’ किंवा ‘सेप्सिस प्रोफाइल’ अशा नावाने अख्खा संचच मागवला जातो. संपूर्ण रक्तगणना म्हणजे सीबीसी, दाह झाला की रक्तात वाढणारी सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन ही प्रथिने, आणि पेशी साखर वापरताना तयार होणारे लॅक्टेट या त्यातल्या नेहमीच्या चाचण्या. इंटरल्यूकिन-६, फेरिटिन किंवा प्रीसेप्सिन प्रयोगशाळेच्या कुवतीनुसार त्यात असतात किंवा नसतात. या संचाकडून दोन कामांची अपेक्षा असते. रुग्णाला सेप्सिस झाला आहे की नाही हे ओळखणे हे पहिले, आणि झाला असल्यास तो बरा होण्याच्या वाटेवर आहे की ढासळत चालला आहे याचा अंदाज देणे हे दुसरे. हे परीक्षण मुख्यतः दुसऱ्या कामाचे आहे आणि अतिदक्षता विभागात हे रिपोर्ट रोज वाचणाऱ्या डॉक्टरच्या अनुभवातून ते लिहिले आहे. दाराबाहेर थांबलेले नातेवाईक जो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात तो या दुसऱ्या कामाशी संबंधित असतो, आणि हातातल्या कागदावरच्या आकड्यावरून त्याचे उत्तर देण्याचा मोह भल्याभल्यांना होतो.

माझे मत आधीच सांगतो. संच उपयुक्त आहे, मात्र दाखल होताना एकदा सगळ्या चाचण्या पाठवायच्या, लाल अक्षरांतले आकडे पाहून चिंता करायची आणि नंतर त्यांच्याकडे फिरकायचे नाही, अशा रीतीने तो वापरला तर त्याची बहुतेक किंमत वाया जाते. रुग्णाच्या भवितव्याबद्दल जी काही माहिती या रक्तात असते ती दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीच्या आकड्यांत, म्हणजेच आकडा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकतो आहे यात असते.

यामागचे कारण सेप्सिसच्या व्याख्येतच दिसते. २०१६ साली मान्य झालेल्या व्याख्येनुसार, संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बिघडल्यामुळे अवयवांच्या कार्यात निर्माण झालेला जीवघेणा बिघाड म्हणजे सेप्सिस. हा बिघाड सोफा या गुणांकनाने मोजतात आणि त्यात दोन किंवा अधिक गुणांची वाढ झाली तर सेप्सिस आहे असे धरतात. सोफात फुप्फुसांची प्राणवायू घेण्याची क्षमता, रक्तदाब, प्लेटलेट, बिलिरुबिन, क्रिअ‍ॅटिनिन किंवा लघवीचे प्रमाण आणि शुद्धीची पातळी या सहा बाबी येतात. त्यात सीआरपी नाही आणि प्रोकॅल्सिटोनिनही नाही. रुग्णाचा जीव अवयव निकामी झाल्याने जातो, आणि दाह व अवयवांचा बिघाड नेहमी हातात हात घालून चढतात-उतरतात असे नाही. सीआरपी ३०० असलेला रुग्ण बसून चहा मागताना मी पाहिला आहे आणि सीआरपी ६० असलेला रुग्ण तीन औषधांवरही रक्तदाब न टिकल्याने गेलेला पाहिला आहे. दाहाचे मार्कर, म्हणजे दाहाची खूण दाखवणारे रक्तातले घटक, एका बाजूची साक्ष देतात; दुसरी बाजू खाटेजवळ उभे राहून पाहावी लागते.

हा विषय किती मोठा आहे हेही ध्यानात घ्यायला हवे. २०१७ या एका वर्षात जगभरात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आणि १ कोटी १० लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. इतक्या जीवघेण्या आजारासाठी चांगला मार्कर शोधण्याची धडपड साहजिकच प्रचंड झाली. २०१० च्या एका आढाव्यात सेप्सिससाठी अभ्यासलेले १७८ मार्कर नोंदवले होते आणि २०२० मध्ये त्याच प्रकारच्या आढाव्यात ही संख्या २५८ वर गेली. त्यांतले रोजच्या वापरात आलेले मार्कर हाताच्या बोटांवर मोजता येतात. बाकीच्यांपैकी बहुतेक छोट्या अभ्यासात चमकले आणि वेगळ्या रुग्णांवर, वेगळ्या रुग्णालयात तपासले गेल्यावर फिके पडले किंवा पुन्हा तपासलेच गेले नाहीत.

संचातला सर्वांत जुना सदस्य सीआरपी. १९३० साली रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात तो ओळखला. इंटरल्यूकिन-६ या दाहाच्या संदेशवाहक प्रथिनाचा संदेश मिळाला की यकृत तो तयार करते. सहा-आठ तासांत रक्तात वाढ दिसू लागते आणि साधारण दीड ते दोन दिवसांत तो शिखर गाठतो. याचाच अर्थ, लक्षणे सुरू होऊन चार तासही झालेले नसताना पाठवलेला सीआरपी जवळजवळ सामान्य आला तर त्यावरून निश्चिंत होता येत नाही. सीआरपीचा मला सर्वाधिक आवडणारा गुण म्हणजे त्याचे अर्धआयुष्य (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) जवळपास १९ तास असते आणि आजार कोणताही असला तरी ते फारसे बदलत नाही; त्यामुळे रक्तातली पातळी ही जवळजवळ पूर्णपणे यकृत किती बनवते आहे यावर ठरते. उपचार लागू पडले आणि निर्मिती थांबली की आकडा ठरावीक गतीने खाली येऊ लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही तो जागचा हललेला नसेल तर काहीतरी राहून गेले आहे, कुठेतरी पू साचला आहे, अँटिबायोटिक चुकले आहे किंवा निदानच वेगळे आहे, अशी शंका घ्यायला तो पुरेसा ठरतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ही गोष्ट फार ठळकपणे दिसते: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढलेला सीआरपी उतरायला लागून पुन्हा वर गेला, तर आतड्याच्या जोडातून गळती होत नाही ना हे तपासल्याशिवाय राहू नये.

त्याचे दोषही तितकेच उघड आहेत. शस्त्रक्रिया, भाजणे, अपघाती जखमा, स्वादुपिंडाचा दाह या सर्वांत सीआरपी संसर्ग नसतानाही वाढतो. यकृत निकामी झालेल्या रुग्णात तो वाढायला हवा तितका वाढत नाही, आणि इंटरल्यूकिन-६ ला अडवणारे टोसिलिझुमॅबसारखे औषध दिलेले असेल तर संसर्ग आत धुमसत असतानाही आकडा शांत दिसतो. दाखल होतानाच्या एकट्या सीआरपीवरून कोण जगेल आणि कोण जाईल हे सांगण्याची त्याची क्षमता कमकुवत आहे. तरीही तो स्वस्त आहे, बहुतेक सर्वत्र होतो आणि पुन्हा पुन्हा करता येतो, म्हणून मी तो संचातून काढणार नाही.

प्रोकॅल्सिटोनिन हा या संचाचा मुख्य आकर्षणबिंदू आहे आणि त्याच्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. हे ११६ अमिनो आम्लांचे प्रथिन एरवी थायरॉइडमधल्या विशिष्ट पेशींत कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचे पूर्वरूप म्हणून तयार होते आणि निरोगी माणसाच्या रक्तात त्याचा जेमतेम मागमूस असतो. जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाला की शरीरातल्या अनेक ऊती ते बनवून रक्तात सोडू लागतात. सेप्सिसशी असलेले हे नाते १९९३ साली प्रथम मांडले गेले. विषाणूंच्या संसर्गात वाढणारे इंटरफेरॉन-गॅमा त्याची निर्मिती दाबते, म्हणून जिवाणू आणि विषाणू यांत फरक करायला त्याची सीआरपीपेक्षा अधिक मदत होते. ते तीन-चार तासांत चढू लागते, दिवसभराच्या आत शिखरावर पोहोचते आणि त्याचे अर्धआयुष्य साधारण एक दिवस असते.

ओळखण्याच्या कामात ते किती चांगले आहे याचा अंदाज २०१३ सालच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणातून येतो: संवेदनशीलता (आजार असलेल्यांना पकडण्याचे प्रमाण) ७७ टक्के, विशिष्टता (आजार नसलेल्यांना बरोबर वगळण्याचे प्रमाण) ७९ टक्के. हे आकडे ऐकायला बरे वाटतात. खाटेजवळ त्यांचा अर्थ काय होतो ते मांडून पाहू. १००० गंभीर रुग्णांपैकी २०० जणांना खरोखर सेप्सिस आहे असे समजा. चाचणी त्यांतल्या १५४ जणांना पकडेल आणि ४६ जणांना सोडून देईल. उरलेल्या ८०० पैकी १६८ जणांना सेप्सिस नसतानाही ती वाढलेली दाखवेल. म्हणजे वाढलेल्या प्रोकॅल्सिटोनिनचा कागद ज्यांच्या हाती आला त्या ३२२ जणांपैकी निम्म्याहून कमी लोकांना सेप्सिस असेल. आणि सुटून गेलेले ४६ जण हे असे रुग्ण आहेत की ज्यांना अँटिबायोटिक द्यायला उशीर झाला तर ते जिवावर बेतू शकते. याच कारणाने सेप्सिसच्या उपचारांची २०२१ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की अँटिबायोटिक सुरू करायचे की नाही हा निर्णय डॉक्टरांच्या तपासणीवरून घ्यावा, त्यासाठी प्रोकॅल्सिटोनिनची जोड घेऊ नये. रिपोर्ट येईपर्यंत औषध थांबवून ठेवण्याची सवय जिथे असेल तिथे ती मोडायला हवी.

भवितव्याच्या अंदाजात मात्र हीच चाचणी, दोनदा केली तर, काहीतरी ठोस सांगते. अमेरिकेत ८५८ रुग्णांवर झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत मला सर्वांत उपयोगी वाटतो. पहिल्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत प्रोकॅल्सिटोनिन ८० टक्क्यांहून अधिक उतरले त्यांच्यात २८ दिवसांतला मृत्युदर सुमारे १० टक्के होता. तितके उतरले नाही त्यांच्यात तो सुमारे २० टक्के, म्हणजे दुप्पट होता. अर्धआयुष्य एक दिवसाचे धरले तर निर्मिती पूर्ण थांबलेल्या रुग्णात आकडा दररोज निम्मा व्हायला हवा आणि चार दिवसांत तो सुरुवातीच्या सहा टक्क्यांच्या आसपास यायला हवा. त्या मानाने ८० टक्क्यांची मर्यादा सैलच आहे, आणि तीही ज्याला ओलांडता येत नाही त्याच्या शरीरात दाहाला खतपाणी मिळणे अजून चालू आहे, असा याचा सरळ अर्थ निघतो. हाच अभ्यास उलट बाजूनेही वाचायला हवा. आकडा न उतरलेल्या दर पाच रुग्णांपैकी चार जण २८ दिवसांनंतर जिवंत होते. ‘प्रोकॅल उतरत नाही, आता आशा नाही’ असे वाक्य नातेवाइकांना ऐकवण्याचा अधिकार ही चाचणी कोणालाही देत नाही.

न उतरणाऱ्या आकड्यावर काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर डेन्मार्कमध्ये १२०० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिले आणि ते सर्वांनी नीट वाचावे असे आहे. तिथे प्रोकॅल्सिटोनिन पुरेसे उतरले नाही की आपोआप अधिक व्यापक अँटिबायोटिक वाढवायची, अशी पद्धत ठेवली होती. जास्त रुग्ण वाचले नाहीत. उलट अवयवांचा बिघाड आणि अतिदक्षता विभागातला मुक्काम वाढला. याउलट आकडा उतरल्यावर औषध थांबवण्याची पद्धत अनेक ठिकाणी टिकली. नेदरलँड्समध्ये दीड हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आकडा शिखरापासून ८० टक्के उतरला किंवा ०.५ च्या खाली आला की अँटिबायोटिक थांबवण्याचा सल्ला दिला जाई. औषधाचा काळ मध्यकाने सात दिवसांवरून पाच दिवसांवर आला आणि २८ दिवसांतला मृत्युदर २५ टक्क्यांऐवजी सुमारे २० टक्के राहिला. ब्रिटनमधल्या ४१ अतिदक्षता विभागांत २७६० रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रोकॅल्सिटोनिनच्या आधाराने औषधाचा काळ सुमारे एक दिवसाने, सुरक्षितपणे कमी झाला. सीआरपीच्या आधाराने मात्र तो कमी झाला नाही. म्हणून प्रोकॅल्सिटोनिनला मी या संचात वरचे स्थान देतो, आणि ते देतो औषध थांबवण्याचा धीर देणारी चाचणी म्हणून. मूत्रपिंड निकामी असलेल्यांत त्याची मूळ पातळीच वरची असते, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ते वाढते आणि नवजात बाळांत पहिल्या दोन दिवसांत ते निसर्गतःच चढलेले असते, एवढे लक्षात ठेवून वाचावे.

सीबीसीकडे या संचात कोणी फारसे पाहत नाही आणि मला ते खटकते. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर काढायला वेगळे रक्त लागत नाही, वेगळे यंत्र लागत नाही. रिपोर्टवरचे दोन आकडे एकमेकांनी भागायचे असतात. गंभीर आजाराच्या ताणात न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, त्यामुळे हे गुणोत्तर चढते आणि चढलेले गुणोत्तर वाईट परिणामांशी निगडित असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. अडचण अशी की धोक्याची रेषा प्रत्येक अभ्यासात निराळी येते आणि स्टेरॉइडचा एक डोसही न्यूट्रोफिल वाढवून व लिम्फोसाइट घटवून सगळे गणित बिघडवतो. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब ढासळलेल्या सेप्सिसमध्ये, हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड सुरू असणे नेहमीचेच असल्याने दुसऱ्या दिवशीच्या गुणोत्तरावर मी फारसा विसंबत नाही. त्यापेक्षा चौथ्या दिवशीही लिम्फोसाइट खालीच राहिले आहेत का हे मी पाहतो. टिकून राहिलेली लिम्फोसाइटची कमतरता अधिक मृत्युदराशी जोडलेली आढळली आहे, आणि तिच्यामागचे कारणही समजण्यासारखे आहे: सुरुवातीच्या वादळानंतर रोगप्रतिकारशक्ती थकते आणि मग दुसरा संसर्ग, बुरशी किंवा एरवी सुप्त असलेला विषाणू डोके वर काढतो. सेप्सिसमध्ये पहिल्या आठवड्यानंतर जाणारे कित्येक रुग्ण असेच जातात. काही यंत्रे आता मोनोसाइट या आणखी एका पांढऱ्या पेशीच्या आकारातली विषमताही मोजतात. तातडीच्या विभागात सेप्सिस लवकर ओळखण्यासाठी या मोजमापाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. भवितव्य सांगण्यासाठी मात्र ते बनवलेले नाही.

इंटरल्यूकिन-६ सर्वांत आधी चढते, एक-दोन तासांतच, आणि फार उंच आकडे मोठ्या धोक्याशी जुळतात. पण ते तितक्याच लवकर उतरते, त्यामुळे नमुना आजाराच्या कोणत्या तासाला घेतला यावर आकडा कमालीचा बदलतो; नेमकी सुरुवात माहीत नसलेल्या रुग्णात त्याचा अर्थ लावणे कठीण जाते. प्रीसेप्सिन, सुपार आणि प्रोअ‍ॅड्रेनोमेड्युलिन या नव्या मार्करांपैकी शेवटचे दोन ओळखण्यापेक्षा आजाराची तीव्रता सांगण्यात सरस आहेत, पण ते सर्वत्र होत नाहीत आणि त्यांच्यामुळे खाटेजवळचा कोणता निर्णय बदलायचा हे अजून ठरलेले नाही. ते नसल्याने संच अपुरा आहे असे मला वाटत नाही.

लॅक्टेट हा खऱ्या अर्थाने दाहाचा मार्कर नाही, तरी भवितव्याच्या प्रश्नावर या संचातले सर्वांत थेट उत्तर त्याच्याकडूनच मिळते. पुरेसा द्रव देऊनही रक्तदाब टिकवायला औषध लागणे आणि लॅक्टेट २ मिलिमोलपेक्षा अधिक असणे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की सेप्टिक शॉक म्हणतात आणि त्यात रुग्णालयातला मृत्युदर ४० टक्क्यांहून अधिक असतो. दुर्दैवाने याच चाचणीचा नमुना सर्वाधिक निष्काळजीपणे घेतला जातो. दंडाला पट्टा आवळून शीर शोधण्यात वेळ गेला, रुग्णाची धडपड झाली, किंवा साध्या नळीतले रक्त परिचारिकांच्या टेबलावर अर्धा तास पडून राहिले, तर नळीतल्या रक्तपेशी साखर वापरत राहतात आणि लॅक्टेट वाढत जाते. फ्लोराइड असलेली राखाडी झाकणाची नळी, थंड ठेवून ताबडतोब पाठवणे, किंवा विभागातल्याच ब्लड गॅसच्या यंत्रावर काही मिनिटांत मोजणे, हे तीनच मार्ग विश्वासार्ह आहेत. अ‍ॅड्रेनॅलिन चालू असताना आणि यकृत निकामी असताना ते दाहाशी संबंध नसतानाही चढलेले राहते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२४ रुग्णांच्या एका अभ्यासात बोटाचे टोक दाबून सोडल्यावर रंग परतायला किती सेकंद लागतात यावरून उपचार करणे हे लॅक्टेटवरून उपचार करण्याच्या तोडीस तोड ठरले; मृत्युदर अनुक्रमे ३४.९ आणि ४३.४ टक्के होता, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर जेमतेम उतरला नाही. संचासाठी थांबण्याची सोय जिथे नाही तिथे बोट दाबून पाहणे कुणालाही जमते.

सेवेबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार रिपोर्टच्या कागदाविषयी आहे. एका प्रयोगशाळेचा सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये येतो, दुसरीचा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये; दुसऱ्या रुग्णालयातून हलवलेल्या रुग्णाचा १८ हा आकडा आपल्याकडे १८० झाला तर नातेवाइकांना वाटते की आजार दसपट वाढला, आणि घाईत असलेल्या डॉक्टरलाही क्षणभर तसेच वाटते. लॅक्टेटचेही तेच: १८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे साधारण २ मिलिमोल. नमुना घेतल्याची वेळ बहुतेक कागदांवर नसते, रिपोर्ट छापल्याची वेळ असते, आणि तासागणिक बदलणाऱ्या चाचण्यांत हा फरक निर्णायक असतो. सामान्य मर्यादा निरोगी माणसाची छापलेली असते, त्यामुळे ९० वरून ३० वर आलेल्या सीआरपीसमोरही तोच वर जाणारा बाण आणि तोच लाल रंग येतो. सुधारणाऱ्या रुग्णाची मुलगी तो कागद हातात धरून रडत असलेली मी पाहिली आहे. आधीची तीन मूल्ये तारीख-वेळेसह एका ओळीत छापणे कोणत्याही प्रयोगशाळेच्या संगणकाला अवघड नाही, आणि केवळ तेवढ्याने हा संच आजच्यापेक्षा कितीतरी उपयोगी होईल.

मागवणाऱ्यांकडूनही एक अपेक्षा आहे. रोज सकाळी संपूर्ण संच पाठवण्याची सवय सोडावी, कारण अशक्त रुग्णाचे रक्त नळ्यांमध्येच जाते आणि मग हिमोग्लोबिन घसरले म्हणून रक्त चढवावे लागते. पहिल्या दिवशी पूर्ण संच, लॅक्टेट सामान्य होईपर्यंत काही तासांनी पुन्हा, सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन एक-दोन दिवसांआड, आणि चौथ्या दिवशी लिम्फोसाइटसह सीबीसी, इतके बहुतेक रुग्णांना पुरते. बहुतेक यंत्रांना लागणारे रक्त लहान मुलांच्या नळीतही मावते. प्रौढांसाठीही त्याच नळ्या वापरायला कोणाची हरकत नसावी.